वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया



महोत्सवाच्या या मंगल वर्षी आपण पूर्वजांच्या श्रद्धेचे कृतज्ञतेने स्मरण करीत आहोत. अशा वेळी वसईच्या भूमीत जन्मलेल्या एका व्यापाऱ्याचे चरित्र डोळ्यांपुढे आणणे उचित होय. लोभ मनुष्याला किती खाली नेतो व क्षमा त्याला किती उंच चढविते, या दोहोंची साक्ष या एकाच चरित्रात मिळते.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म इ. स. १५५६ च्या सुमारास वसई येथे झाला. पिता पोर्तुगीज, माता याच देशची. बालपणी येशूसंघीय धर्मगुरूंच्या छायेत ते वाढले आणि सुमारे पंधराव्या वर्षी त्यांच्याच सोबत दूर जपान देशी गेले. तेथील भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली व सुमारे आठ वर्षे लोकांस धर्मशिक्षण दिले. येशूसंघात आपला स्वीकार व्हावा ही त्यांची मनीषा होती. पण ती सफळ झाली नाही. मग त्यांनी व्यापार आरंभिला. त्यात धन मिळाले, यशही मिळाले. परंतु ईश्वरसेवेची ओढ काही सुटली नाही. अखेर मनिला येथे व्यापाराचा त्याग करून त्यांनी फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला. तेथे ते धर्मगुरू झाले नाहीत. साधे सेवक बंधू म्हणून राहिले.

१५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू फिलिपाईन्सच्या गव्हर्नराचे वकील होऊन जपानास निघाले, तेव्हा बंधू गोन्सालो दुभाषी म्हणून त्यांच्याबरोबर गेले. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५८७ सालीच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला होता, तरी या मंडळींना त्याने राहू दिले. क्योतो येथे त्यांनी देवमंदिर उभारले व महारोग्यांची शुश्रूषा आरंभिली.

पुढे लोभाने आपला हात दाखविला. १५९६ च्या ऑक्टोबरात मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ नावाचे गलबत तुफानात सापडून तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले व तेथे फुटले. आत मोलाचा माल होता. कोरियातील युद्धाचा खर्च अंगावर असलेल्या हिदेयोशीने तो सगळा जप्त केला. माल सुटावा म्हणून गलबताच्या सुकाणूदाराने आपल्या राजाच्या सामर्थ्याची फुशारकी मारली आणि आधी धर्मगुरू जातात, मागून सैन्य येते, असे तो बोलून गेला, असे सांगतात. इतिहासकारांचे यावर एकमत नाही. ते कसेही असो, माल एकाने घेतला आणि प्राण मात्र निरपराधांचे गेले.

त्याच वर्षअखेर बंधू गोन्सालो पकडले गेले. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतो येथे बंदिवानांचे डावे कान कापण्यात आले. मग ऐन हिवाळ्यात, गावोगाव धिंड काढीत, त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. सारे मिळून २६ जण: सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा प्रापंचिक. त्यांतील लुइस हा बालक अवघ्या १२ वर्षांचा. श्रद्धा सोडशील तर प्राण वाचेल, असे त्याला सांगण्यात आले. त्याने ते नाकारले.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ क्रूस उभे राहिले. जपानातील कार्याविषयी या दोन संघांत त्या काळी तीव्र मतभेद होते. आज मात्र ते शेजारी शेजारी क्रुसावर होते. ज्या संघात गोन्सालोंना स्थान मिळाले नव्हते, त्याच संघाचे पौल मिकी त्याच टेकडीवर त्यांचे सोबती झाले. पौल मिकी यांनी क्रुसावरून उपदेश केला. हिदेयोशीला व आपल्या मृत्यूस कारण झालेल्या सर्वांना त्यांनी मनापासून क्षमा केली. मग भाले चालले, आणि वसईचा हा सुपुत्र प्रभूच्या चरणी लीन झाला.

१५९८ साली हिदेयोशी मरण पावला. लुटलेला माल त्याच्याबरोबर गेला नाही. गोन्सालोंना मात्र १६२७ साली धन्यपद व ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांच्या हस्ते संतपद मिळाले. भारतभूमीत जन्मून या पदास पोचलेले ते पहिलेच.

बंधूंनो, आपल्यावर कोणी भाला उगारलेला नाही. पण वाडीच्या बांधावरून, विहिरीच्या पाण्यावरून, वडिलांच्या वाटणीवरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे अबोला धरतात. एकाच वेदीपुढे ख्रिस्तशरीर स्वीकारतात आणि घरी जाताना वाट बदलतात. हे पाहून आपल्या धर्मगुरूचे अंतःकरण व्यथित होते. क्षमा करणे म्हणजे अन्यायाला न्याय म्हणणे नव्हे. हिदेयोशीचा लोभ लोभच होता, आणि तरीही त्याला क्षमा मिळाली. ज्याने खरोखर अपराध केला आहे, त्यालाच क्षमेची गरज असते.

या महोत्सवी वर्षी देवमंदिराला नवा रंग लागला, तसा प्रत्येक घरात एखादा जुना अबोला तरी मिटावा. संत गोन्सालो आपल्यासाठी प्रभूपाशी विनंती करोत. आमेन.