निकीताचा पुत्र अफानासी

पंधराव्या शतकात बहमनी राज्यात वास्तव्य करून गेलेला रशियन व्यापारी अफानासी निकीतीन ज्या नावाने आज ओळखला जातो, त्यातील 'निकीतीन' हे त्याच्या हयातीत आडनाव नव्हते. 'निकीता' या नावाला 'ईन' हा स्वामित्वदर्शक प्रत्यय लागून हे रूप सिद्ध होते. त्यापुढे पुत्रवाचक शब्द योजिला जाई, आणि निकीताचा पुत्र एवढाच त्याचा अर्थ असे. मूळ 'निकीता' हे ख्रिस्ती धर्माबरोबर रशियात आलेले ग्रीक नाव असून त्याचा अर्थ 'विजयी' असा आहे. अशी रूपे पिढीगणिक बदलत; अफानासीचा पुत्र 'निकीतीन' नव्हे, तर 'अफानास्येव' ठरला असता. वंशपरंपरागत कुलनामे प्रथम सरदार घराण्यांत स्थिरावली. बहुसंख्य शेतकऱ्यांना ती १८६१ च्या दास्यमुक्तीनंतरच लाभली.

व्होल्गाकाठच्या त्वेर नगरातून हा व्यापारी इ. स. १४६६ किंवा १४६८ च्या सुमारास निघाला. आस्त्राखानजवळ तातारांनी त्याच्या तांड्याची लूट केली. मालाबरोबर त्याचे धर्मग्रंथही गेले. कर्जबाजारी होऊन मायदेशी परतणे अशक्य झाल्याने तो इराण आणि होर्मुझमार्गे एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. तेथून सह्याद्री ओलांडून तो जुन्नरला पोहोचला.

जुन्नरला त्याच्या नावाची आणि श्रद्धेची खरी कसोटी लागली. तेथील अधिकारी असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. इस्लाम स्वीकारल्यास घोडा आणि सहस्र सुवर्णमुद्रा मिळतील, असे सांगून त्याला चार दिवसांची मुदत दिली. खोरासानच्या ख्वाजा मुहंमदाने रदबदली केल्यामुळे हे संकट टळले. दख्खनमध्ये अफानासी 'ख्वाजा यूसुफ खोरासानी' या नावाने वावरत होता. परदेशी मुसलमान व्यापाऱ्यांना जेथे प्रतिष्ठा होती, तेथे असे नाव सोयीचे होते. पुढे बीदरमध्ये हिंदूंशी परिचय वाढल्यावर मात्र आपण ख्रिस्ती असून आपले नाव अफानासी आहे, हे त्याने त्यांना सांगितले. त्यानंतर त्यांनी आपले अन्नव्यवहार, पूजाविधी आणि घरची माणसे त्याच्यापासून लपविली नाहीत, असे तो नोंदवितो. त्यांच्याच सोबतीने शिवरात्रीच्या सुमारास त्याने श्रीशैलाची यात्रा पाहिली. खरे नाव सांगितल्यामुळे त्याला एका समाजाचे अंतरंग खुले झाले. त्याच्या वृत्तांताचे मोल त्यातच आहे.

ग्रंथ हरपल्यामुळे उपवासांचा आणि ईस्टरचा हिशेब चुकतो, ही वेदना त्याच्या लेखनात पुनःपुन्हा उमटते. अखेरच्या प्रार्थनेत रशियनबरोबर अरबी, फारसी आणि तुर्की शब्द मिसळले आहेत. त्याने धर्मांतर केले होते की काय, असा विवाद त्यामुळे अभ्यासकांत चालत आला आहे.

दाभोळहून जहाजाने निघून तो होर्मुझ, त्राबझोन आणि काफामार्गे परतला. परंतु स्मोलेन्स्क गाठण्यापूर्वीच त्याचा मृत्यू झाला. १४७५ मध्ये व्यापाऱ्यांनी त्याची टिपणे मॉस्कोत महाराजाचा सचिव वासिली मामीरेव याच्याकडे पोहोचविली. तेथील बखरीत त्याची नोंद त्वेरचा व्यापारी अफानासी अशी, गावाच्या नावाने झाली. गावावरून माणूस ओळखण्याची ही रीत मराठी वाचकास परकी नाही. ज्या चौल, जुन्नर आणि दाभोळ गावांतून तो गेला, त्यांनीच चौलकर, जुन्नरकर आणि दाभोळकर ही आडनावे दिली आहेत. पित्याच्या नावाचा उल्लेख मात्र एका प्रतीच्या आरंभीच्या प्रार्थनेत, देवापुढे स्वतःची ओळख देताना येतो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करामझीनने हा विस्मृत वृत्तांत प्रकाशात आणला. पुढील अभ्यासपरंपरेत 'निकीतीन' हे कुलनामासारखे रूढ झाले आणि १९५५ मध्ये त्वेर येथे याच नावाने त्याचा पुतळा उभारला गेला. प्रार्थनेत पुत्राने घेतलेले पित्याचे नाव अशा रीतीने इतिहासात त्याचे आडनाव होऊन राहिले.