खानदेशचे भास्कराचार्य

कलनगणिताचें नांव निघालें कीं आमच्या विद्यार्थ्यांस न्यूटन व लायब्निट्झ आठवतात, आणि तें योग्यच आहे. परंतु चाळीसगांवच्या दक्षिणेस डोंगराच्या पायथ्याशीं असलेल्या पाटणें गांवाचा ज्या थोर गणितज्ञाच्या घराण्याशीं संबंध आहे, त्या भास्कराचार्यांची ओळख जळगांव-धुळ्याकडील मुलांस फारच थोडी असते. म्हणून त्यांचें अल्प चरित्र येथें देत आहों.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्यें झाला. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरु. सह्याद्रीजवळील विज्जडविड हें आपलें गांव, असें त्यांनीं लिहून ठेविलें आहे. तें नेमकें कोणतें, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें, त्यांनीं सिद्धान्तशिरोमणि हा ग्रंथ रचिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत. पुढें ११८३ मध्यें, म्हणजे एकोणसत्तराव्या वर्षीं, त्यांनीं करणकुतूहल लिहिलें.

ग्रहांचें गणित करीत असतां त्यांस एक मोठें तत्त्व गवसलें. ग्रह सदा एकाच वेगानें चालत नाहीं. सरासरी वेगानें तो जेथें असावयास पाहिजे तें मध्यम स्थान, व प्रत्यक्ष जेथें असतो तें स्पष्ट स्थान. या दोहोंतील अंतरास फल म्हणतात. ग्रह सरासरीहून जलद चालतो तोंवर तो पुढें पुढें जातो. मंद झाला म्हणजे ती आघाडी घटूं लागते. मधल्या ज्या क्षणीं दोन्ही वेग समान होतात, त्याच क्षणीं आघाडी सर्वांत मोठी असते, आणि तेथें फलाचा बदल शून्य होतो. हें स्थान पूर्वींचे आचार्य लल्ल यांनीं भलतीकडे दाखविलें होतें; ती चूक भास्कराचार्यांनीं निर्भयपणें दुरुस्त केली.

आमच्या वर्गांतील मुलें अवकलज शून्य करून उत्तर काढतात आणि लगेच महत्तम असें लिहून मोकळीं होतात. येथेंच घोटाळा होतो. ग्रहाचेंच उदाहरण घ्या. आघाडी संपून तो मागें पडूं लागतो, आणि पिछाडी सर्वांत मोठी होते तेव्हांही बदल शून्यच असतो. पण तें लघुतम स्थान होय. चाळीसगांवहून कन्नडचा घाट चढतांना एखादा सपाट तुकडा लागून पुन्हा चढच लागला, तर त्या तुकड्यास कोणी माथा म्हणेल काय? तो ना माथा, ना दरी. सारांश, शून्य सांपडल्यावर त्याच्या अलीकडे व पलीकडे काय आहे, हें पाहिलेंच पाहिजे. आधीं वाढ व मग घट असेल तर महत्तम, आधीं घट व मग वाढ असेल तर लघुतम, आणि दोन्हीकडे एकच असेल तर दोन्ही नव्हे.

भास्कराचार्यांचें मोल ठरवितांनाही दोन्ही बाजू पाहाव्या. काशीचे बापूदेव शास्त्री यांनीं १८५८ मध्यें असें मांडलें कीं, कलनगणिताचें मूलतत्त्व भास्कराचार्यांस ठाऊक होतें. स्पॉटिस्वूड या इंग्रज गणितज्ञानें १८६० मध्यें त्यावर मर्यादा घातली. कोणत्याही फलनास लागू पडेल अशी सर्वसाधारण रीत भास्कराचार्यांनीं दिली नाहीं. ती सतराव्या शतकांत फर्मा, न्यूटन व लायब्निट्झ यांच्या हातून घडली. तरी त्यांच्या पांचशें वर्षें आधीं, शिखरावर बदल थांबतो हें त्यांनीं ओळखिलें, ही गोष्ट लहान नव्हे. अधिक सांगून त्यांचा गौरव वाढत नाहीं, आणि कमी सांगितल्यास सत्य उणें होतें.

त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांस यादव राजा जैत्रपाल यानें मानानें बोलावून नेलें. नातू चांगदेव हे सिंघण राजाचे ज्योतिषी झाले व आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं त्यांनीं पाटण येथें मठ स्थापिला. १२०७ मध्यें निकुंभ घराण्यांतील सोइदेवानें त्यास दान दिलें. तेथील शिलालेखांत हें सर्व कोरलेलें असून त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठींत आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं एकोणिसाव्या शतकांत तो लेख प्रकाशांत आणिला.

एका नातवानें आजोबांच्या विद्येसाठीं खानदेशांत शाळा काढावी, यापरतें सुंदर स्मारक तें कोणतें? विद्यार्थिमित्रहो, पाटण्यास जाल तेव्हां तो लेख अवश्य पाहा. आणि परत आल्यावर वहींतील प्रत्येक शून्याच्या दोन्ही बाजू तपासून पाहा.