कॅप्टन नेमो, नानासाहेब आणि ज्यूल व्हर्न

आमच्या पिढीला ज्यूल व्हर्न भेटला तो मराठीतूनच. भा. रा. भागवतांनी त्याच्या कादंबऱ्या अशा झोकात मराठीत आणल्या की, हा लेखक परका आहे हे आम्हा नारायण पेठेतल्या पोरांच्या ध्यानातही आले नाही. लक्षात राहिला तो चंद्राकडे झेपावणारा गोळा आणि समुद्राखालची बोट. या गमतीआड युद्धाविषयीचा एक अवघड प्रश्न दडला आहे, हे कळायला वय व्हावे लागले.

व्हर्नचा जन्म 8 फेब्रुवारी 1828 चा, फ्रान्समधल्या नांत बंदरातला. वडील वकील. मुलानेही वकिली करावी म्हणून त्यांनी त्याला पॅरिसला धाडले, पण तो नाटकांत रमला. 1857 मध्ये लग्न झाले आणि संसारासाठी त्याने शेअर बाजार गाठला. पहाटे उठून लिहायचे आणि मग आकड्यांच्या बाजारात जायचे, हा त्याचा दिनक्रम माझ्यासारख्या बँकेत नोकरी केलेल्या कादंबरीकाराला अगदी घरचा वाटतो. 1863 मध्ये एत्झेल या प्रकाशकाने त्याची बलूनप्रवासाची कादंबरी छापली आणि व्हर्नचे नशीब उघडले.

त्याच्या 1865 च्या चंद्रकथेतली मंडळी मुळात तोफा बनवणारी. अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, हाताला काम उरले नाही, म्हणून त्यांनी चंद्रावर नेम धरला! हसता हसता काढलेला हा चिमटा होता.

नेमो मात्र हसवत नाही. व्हर्नच्या मनात तो रशियनांनी कुटुंब मारलेला पोलिश सरदार होता. रशियातल्या वाचकांना दुखवायला एत्झेल तयार नव्हता, म्हणून नेमोचा देश गुलदस्त्यात राहिला. तो उघड झाला पुढच्या एका कादंबरीत, 1875 च्या सुमारास: नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डाक्कर, सत्तावनच्या संग्रामात लढलेला. जुलूम आणि युद्ध यांना विटलेला हा विद्वान स्वतः मात्र युद्धनौका माणसांसकट बुडवतो आणि नंतर बायकामुलांच्या तसबिरीपुढे रडतो.

1870 मध्ये प्रशियाशी युद्ध पेटले, तेव्हा व्हर्न किनाऱ्यावर पहाऱ्याला होता. त्यानंतर 1879 मध्ये त्याने पोलादनगरीची कथा लिहिली. एका महाकाय तोफेने, विषारी वायूच्या गोळ्यांनी अख्खे शहर संपवू पाहणारा शास्त्रज्ञ तीत आहे. पहिले महायुद्ध तेव्हा पस्तीस वर्षे दूर होते.

आणि 1880 मध्ये आले आपले नानासाहेब पेशवे! यंत्राच्या हत्तीने ओढलेल्या घरातून हिंदुस्थान पाहणाऱ्या प्रवाशांच्या या कादंबरीत नानासाहेब खलनायक आहेत. इंग्रजांनी घेतलेल्या सुडाची क्रूर वर्णनेही व्हर्नने तिथे दिली आहेत, पण नानासाहेबांना नेमोची सहानुभूती लाभली नाही. एकाच सत्तावनचे दोन लढवय्ये; एक नायक, दुसरा राक्षस. पुण्याच्या माणसाला हे खटकणारच. व्हर्न कधी हिंदुस्थानात आला नव्हता. नेमो त्याने मनातून घडवला, नानासाहेब मात्र युरोपात पसरलेल्या प्रतिमेतून उचलले, असे मला वाटते.

24 मार्च 1905 रोजी आमियाँ गावी व्हर्न वारला. त्याला निखळ शांततावादी म्हणता येणार नाही. देशासाठी शस्त्र धरणे त्याला मान्य होते. पण मरणाच्या दारातला नेमो आपण चुकलो का, असे विचारतो, तेव्हा व्हर्न त्याचा लढा चुकीचा ठरवूनही अखेरचा निवाडा देवावर सोपवतो. अन्यायाविरुद्ध उगारलेल्या शस्त्राचा हिशेब माणसाला सहज जुळवता येत नाही, एवढे त्याला उमगले होते. नातवंडांच्या हाती ही पुस्तके देताना, बोटीच्या वेगाबरोबर त्या बुडालेल्या खलाशांविषयीही बोलावे.