पुराणिकांची कन्या आणि बायबलचे अध्ययन

विजयादशमीस घरोघरी पाटीवर सरस्वती रेखून ग्रंथांस हळदकुंकू वाहिले जाते. ज्या महाराष्ट्रीय स्त्रीस कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिली, तिचे स्मरण या दिवशी करणे आम्हांस उचित वाटते. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. १८८३ साली ज्यांनी धर्मांतर केले त्यांचे चरित्र कीर्तनकाराने का सांगावे, असे काही वाचक विचारतील. परंतु परक्यांचा धर्मग्रंथ मुळापासून कसा अभ्यासावा, याचे याहून स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविले, आणि मातेने ते कन्येस दिले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे, देवळात पुराण सांगे आणि मिळेल त्या दक्षिणेवर राही. श्रीमद्भागवताचे अठरा सहस्र श्लोक रमाबाईंस मुखोद्गत होते. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. पुढे बंधू श्रीनिवास यांच्यासह पायी भरतखंड तुडवीत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या.

तेथे ख्रिस्ती मंडळींनी त्यांस संस्कृत भाषांतरित बायबल भेट दिले. ते वाचणे त्यांस वेळ दवडणे वाटले! यात नवल नाही. ज्याचा कान व्यास-वाल्मीकींवर घडला, त्यास त्या संस्कृतात शब्द ओळखीचे वाटले तरी अर्थ परका राहणारच. पुढे विवाहानंतर सिल्चर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात लूककृत शुभवर्तमान बंगालीत सापडले, ते मात्र त्यांनी आवडीने वाचले. १८८२ साली वैधव्य आले. पुण्यास आल्यावर त्या मराठी नवा करार पाठ घेऊन वाचू लागल्या. काशीचे प्रकांड पंडित नीळकंठशास्त्री गोरे, जे ख्रिस्ती होऊन नेहेम्या गोरे झाले, त्यांच्याशी त्यांचा विचारविनिमय झाला. इंग्लंडात वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यावरून उठलेल्या वादळाचा विस्तार आम्ही येथे करीत नाही. १८९३ साली शारदासदनातील मुली प्रार्थनेस बसतात म्हणून न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. पालकांची व्यथा आम्हांस कळते. परंतु बालविधवांस त्या काळी दुसरे छत कोणी दिले होते, हा प्रश्नही उरतोच.

मध्यंतरी मांजरीस कीर्तनानंतर एका महाविद्यालयीन मुलाने आम्हांस विचारले, ख्रिस्ती ग्रंथ वाचावयाचा तर आरंभ कोठून करावा? मांजरीवरून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग पुढे केडगावास पोहोचतो. तेथील मुक्तिसदनाकडे बोट दाखवून आम्ही त्यास रमाबाईंचीच रीत सांगितली. प्रथम एकच शुभवर्तमान, तेही आपल्या भाषेत, सलग वाचावे. मग ग्रंथाची घडण जाणावी. जुन्या करारातील ३९ पुस्तके मुख्यतः हिब्रूत, नव्यातील २७ ग्रीकात. पौलाची पत्रे छापील क्रमात मागाहून येतात, पण रचनेने चारही शुभवर्तमानांहून जुनी आहेत. संस्कृतज्ञास ग्रीक फार परकी नाही. पितृ शब्दास तेथे पातेर आहे, विभक्तीही आहेत. हिब्रूचे कूळ मात्र निराळे. किताब, कातिब हे शब्द आपण अरबीतून घेतले, त्यांच्या मुळाशी क-त-ब ही तीन व्यंजने आहेत. हिब्रूतही लिहिण्याचा धातू तोच, आणि लिपी उजवीकडून डावीकडे. नव्या कराराची ग्रीक ही होमरची काव्यभाषा नव्हे, ती हाटाबाजारात बोलली जाणारी साधी बोली होती.

रमाबाईंनी हे मर्म ओळखले. चाळिशी उलटल्यावर त्यांनी हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला, मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले आणि अखेरची सुमारे पंधरा वर्षे मुळावरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालविली. दुष्काळातून आणलेल्या, एके काळी निरक्षर असलेल्या स्त्रियांनी केडगावच्या छापखान्यात खिळे जुळविले. प्रचलित मराठी बायबल त्यांस संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातील बाईस ते कळत नाही, आणि त्यातील शब्दांमागे पुराणांचा अर्थ उभा राहतो, हा त्यांचा आक्षेप होता. आम्ही पुण्य किंवा अवतार हे शब्द उच्चारताच श्रोत्यांपुढे काय उभे राहते ते आम्ही नित्य पाहतो, म्हणून आक्षेप खरा हे मान्य करावे लागते. तरी भागवत कंठस्थ असणाऱ्या विदुषीने संस्कृत शब्द वेचून वेचून बाहेर काढावेत, हे वाचताना आमच्या मनास चटका लागतो.

१९२१ साली एकुलती कन्या मनोरमा गेली. आजारी रमाबाई मुद्रिते तपासीतच राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला. मुद्रिते त्यांनी थोडेच दिवस आधी पुरी केली होती, असे सांगतात. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला.