सरोजनलिनी दत्त : बदलीच्या गावी पेरलेले कार्य



परमुलखातील दीनदुबळ्यांच्या सेवेस गेलेला स्वयंसेवक एक ना एक दिवस माघारी फिरतो. १९६१ साली अमेरिकेच्या ‘पीस कोअर’ संस्थेचे पहिले तरुण आफ्रिकेतील घाना देशात उतरले. त्यांच्यामागून अनेक देशांचे स्वयंसेवक त्या खंडातील गरीब खेड्यांत गेले. अशा प्रत्येकाच्या कार्याची पारख एकाच प्रश्नाने होते : तो गेल्यावर गावात काय उरले?

हाच प्रश्न त्यापूर्वी जवळजवळ अर्धशतक बंगालमधील एका स्त्रीपुढे उभा होता. कोलकात्यात बालीगंज स्टेशन रोडवर जी संस्था तिचे नाव धारण करते, तिच्यामागील जीवनकथा आपण जाणून घ्यावी.

सरोजनलिनीबाईंचा जन्म ९ ऑक्टोबर १८८७ रोजी हुगळीजवळील बंडेल येथे झाला. वडील ब्रजेंद्रनाथ दे सनदी अधिकारी होते. १९०६ साली गुरुसदय दत्त या तरुण सनदी अधिकाऱ्याशी त्यांचा विवाह झाला, आणि बदल्यांचा संसार सुरू झाला. प्रत्येक जिल्ह्यात त्या पाहुण्याच होत्या. साहेबांच्या पत्नीने बंगल्यात सुखाने राहावे, बदलीचा हुकूम आला की सामान बांधावे, अशीच तेव्हाची रीत होती.

परंतु आसपासच्या पडद्यातील स्त्रियांचे एकाकी जीवन पाहून त्यांना स्वस्थ बसवेना. १९१३ साली पाबना येथे त्यांनी पहिली महिला समिती स्थापन केली. पुढे वीरभूम (१९१६), रामपूरहाट (१९१८) व बांकुडा येथेही समित्या निघाल्या. शेजारच्या घरीही न जाणाऱ्या स्त्रिया तेथे एकत्र बसू लागल्या. शिवणकाम, बालसंगोपन, आरोग्य यांचे शिक्षण त्यांना मिळू लागले. सुइणींना शास्त्रशुद्ध प्रशिक्षण देण्याची खटपट झाली. लक्षात घ्या, बाईंनी दानधर्माचे केंद्र उघडले नाही. समिती त्या गावच्या स्त्रियांचीच असावी, असा त्यांचा कटाक्ष होता.

कॅनडात १८९७ साली ग्रामीण स्त्रियांची अशीच मंडळे सुरू झाली होती व १९१५ साली ती ब्रिटनमध्ये पोहोचली. बाईंनी इंग्लंडच्या प्रवासात त्यांचे कार्य पाहिले. जपानच्या प्रवासावर त्यांनी बंगालीत पुस्तकही लिहिले.

तथापि एक उणीव राहिली होती. विखुरलेल्या समित्यांना जोडणारी, शिक्षिका पुरवणारी मध्यवर्ती संस्था नसेल, तर संस्थापिका दूर गेल्यावर त्या विस्कळीत होण्याचे भय होते. अशी संस्था उभारण्याची बाईंची इच्छा होती. पण १९ जानेवारी १९२५ रोजी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ही शेवटची बदली होती, आणि कार्याची खरी कसोटी आता लागणार होती. अवघ्या पाच आठवड्यांत, २३ फेब्रुवारी १९२५ रोजी, पती व स्नेह्यांनी त्यांच्या स्मरणार्थ मध्यवर्ती संस्था स्थापली. ‘बंगलक्ष्मी’ हे तिचे मासिक घरोघरी जाऊ लागले. ज्या गावांनी बाईंना कधी पाहिले नव्हते, तेथेही समित्या निघाल्या.

वाचकहो, आपणही कोठे ना कोठे पाहुणे म्हणून सेवा करीत असाल : वस्तीतील वर्गात, दवाखान्यात अथवा मंडळीच्या महिला संघात. आपली जागा उद्या रिकामी झाली, तर ते काम स्वतःचे म्हणून पुढे नेणारे कोणी आज आपल्या शेजारी बसले आहे काय?