कै. रमाबाई रानडे आणि परिचारिकेचा पेशा

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावाचे नाव आपल्या विद्यार्थ्यांनी यशवंतराव चव्हाणांच्या संबंधाने ऐकलेच असेल. यशवंतरावांच्या जन्मापूर्वी सुमारे पन्नास वर्षे, म्हणजे 1862 साली, त्याच गावी कुर्लेकरांच्या घरी यमुना नावाची कन्या जन्मास आली. 1873 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, माधवराव रानडे यांच्याशी तिचा विवाह झाला आणि ती रमाबाई झाली. माधवरावांचे वडील कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत असत व माधवरावांचे पहिले शिक्षणही याच शहरी झाले. तेव्हा करवीरकरांस हे दांपत्य परके नव्हे.

सासरी आल्या तेव्हा रमाबाईंस अक्षरओळखही नव्हती. पतीने रात्री शिकवावे आणि घरातील वडील बायकांनी दिवसा त्याबद्दल बोल लावावा, असे कित्येक वर्षे चालले. ही हकीकत त्यांनी 1910 साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत आहे; ती ज्याने त्याने मुळातूनच वाचावी. येथे सांगावयाचे आहे ते त्यांच्या उत्तरायुष्यातील एका कामाविषयी, ज्याचा बोलबाला त्या मानाने कमी झाला.

1901 साली न्यायमूर्ती निवर्तले. रमाबाईंनी चाळिशीही गाठली नव्हती. काही काळ शोकात घालविल्यावर त्या पुण्याच्या तुरुंगातील स्त्रियांस भेटू लागल्या, रुग्णालयातील रोग्यांस फळे-फुले नेऊन देऊ लागल्या. मुंबईस मलबारी व दयाराम गिदुमल यांनी सेवासदन काढले होते. त्याच नावाची संस्था 1909 साली पुण्यास रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात सुरू झाली. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांचे तीस मोठे साहाय्य होते.

संस्थेच्या दारी येणाऱ्या पुष्कळशा स्त्रिया विधवा होत्या. अशा बाईस त्या काळी कोणते काम मिळत असे? भाऊबंदांच्या घरी स्वयंपाक, नाही तर दळण-कांडण; मोबदला म्हणजे दोन वेळचे जेवण व अंगावर जुनेर. पगाराचे आणि अब्रूचे असे मार्ग दोनच दिसत होते, एक शिक्षिकेचा व दुसरा परिचारिकेचा. त्यांपैकी पहिला लोकांच्या हळूहळू अंगवळणी पडला. दुसऱ्याचे नाव काढताच मात्र घरची माणसे कानांवर हात ठेवीत. परक्यांच्या अंगास हात लावावयाचा, रक्त व मळमूत्र काढावयाचे, त्यात जातीपातीचा विधिनिषेध नाही, आणि वर रात्रीचा पहारा! बाळंतपणाचे काम तर सुईणीचे, म्हणजे हलके, असेच सर्व समजत. पांढरपेशा हिंदू घरांतील स्त्रिया या धंद्यापासून दूर राहिल्याने रुग्णालयांतून ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन परिचारिकांचाच भरणा असे. आपल्या शेजारी मिरजेस डॉ. वॉन्लेस यांच्या रुग्णालयात 1897 पासूनच परिचारिकांचे शिक्षण सुरू होते, तरी वरच्या जातींचा हा संकोच सुटला नव्हता. या बाबतीत आपलाच समाज तेवढा मागे होता असेही नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी 1860 साली लंडनमध्ये शाळा काढली, त्यापूर्वी तिकडेही भल्या घरच्या मुली या कामास जात नसत.

रमाबाईंनी उपदेशापेक्षा सोयीवर भर दिला, आणि माझ्या मते हेच त्यांचे खरे चातुर्य. थर्मामीटर पाहणे, औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी वाचणे, रोग्याचा ताप कागदावर मांडणे यांस वाचन-लेखन हवे; म्हणून प्रौढ स्त्रियांसाठी प्राथमिक वर्ग ठेवले. ससून रुग्णालयात परिचारिकेचे वा सुईणीचे काम शिकणाऱ्या स्त्रियांसाठी निराळे वसतिगृह काढले. मुलगी कामावरून सुटल्यावर कोठे राहील आणि तिच्यावर देखरेख कोणाची, हे प्रत्येक बापाच्या मनातले दोन प्रश्न तेथेच मिटले. खुद्द रानड्यांच्या पत्नी जेथे जातात-येतात त्या जागेस वाईट कसे म्हणावे, असेही पुष्कळांना वाटले असेल. त्यांची राहणी जुन्या वळणाची होती. उतावीळ सुधारकांस त्या भित्र्या वाटत. परंतु ज्यांनी सुधारकांस उंबऱ्याशी उभे केले नसते, अशांनी आपल्या लेकीसुना त्यांच्या हवाली केल्या.

त्या मऊच होत्या असे मात्र कोणी समजू नये. सेवासदनाच्या एका बक्षीस-समारंभात एक विधवा विद्यार्थिनी तांबडे लुगडे नेसून, मस्तक झाकून बक्षीस घेण्यास पुढे आली, तेव्हा सज्जात बसलेल्या कॉलेजच्या तरुणांनी तिची हुर्यो उडविली, अशी हकीकत सांगतात. रमाबाई समारोपास उभ्या राहिल्या त्या संतापानेच. दुष्ट रूढीने गांजलेल्या बहिणीची जे थट्टा करतात त्यांस सुशिक्षित तरी कसे म्हणावे, असा सवाल त्यांनी भर सभेत त्या मुलांस केला. त्या मुलांपैकी किती जण पुढे रोगी होऊन अशाच एखाद्या बाईच्या हातचे औषध प्याले असतील, कोण जाणे.

आळंदीच्या यात्रेत बायकांच्या मदतीस सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन जाणे, 1913 साली गुजरात-काठेवाडकडील दुष्काळग्रस्तांस साहाय्य करणे, पुढे मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी व स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणे, अशी त्यांची कामे अखेरपर्यंत चालू होती. 1924 साली त्यांचे देहावसान झाले. 1962 साली, त्यांच्या जन्मास शंभर वर्षे झाली तेव्हा, भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.