हाती खराटा घेतलेला संत

खकनारच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, शेंडगाव येथे, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. लहानपणीच वडील वारले. आजोळी गुरे राखून व शेती करून ते वाढले. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा व मातीचे गाडगे. त्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

गावात शिरताच ते कोणाला काही न सांगता रस्ते व गटारे झाडू लागत. ते पाहून गावकरीही पुढे येत. रात्री कीर्तनात ते घाण, दारू व कर्ज यांविषयी श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत. मिळालेल्या देणग्यांतून धर्मशाळा उभ्या राहिल्या. २० डिसेंबर १९५६ रोजी ते निवर्तले.

२००० साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावकरी व ग्रामपंचायत यांनी मिळून आधी गाव स्वच्छ करायचे, मग तपासणी व बक्षीस, अशी त्याची रीत. बाबांचाही क्रम हाच होता: आधी खराटा, मग बोलणे.

वाचकहो, कचरा उचलणे पंचायतीचे काम खरे. पण तो रस्त्यावर न टाकणे आपल्याच हाती आहे. शिक्षकांनी मुलांना हे सांगण्यापूर्वी करून दाखवावे.